जुनी व्ही-क्रॉस पिकअप घेतली, पण आधी तिच्याखाली झोपून बघितली

आमच्या मधपेट्या पाटगावच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेला असतात. कोल्हापुरातून गारगोटी, कडगाव करत पाटगावपर्यंत डांबरी रस्ता आहे. शेवटचे चार किलोमीटर मात्र तांबडी माती, मध्ये दोन ओढे आणि एक वळणाचा चढ. पेट्या हलवायच्या त्या रात्रीच, माश्या आत परतल्या की दार बंद करून. बरोबर मी, आमचे भाऊजी आणि दोन गडी. भाड्याच्या पिकअपमध्ये गडी मागं हौद्यात पेट्या धरून बसायचे. दोन वर्षांपूर्वी त्या चढावर भाड्याची गाडी मागं घसरली. माणसं वाचली, पण नऊ पेट्या एकमेकींवर आदळून आतली पोळी तुटली. त्या रात्रीच ठरवलं की आता स्वतःची डबल कॅब, म्हणजे दोन ओळी सीट असलेली पिकअप घ्यायची आणि तीही फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना जोर देता येणारी.

नवी परवडणार नव्हती. जुन्यात बघायला लागलं की नावं थोडीच निघतात. टोयोटाची हायलक्स आपल्याकडे 2022 मध्ये आली. 2.8 लिटरचं इंजिन, मागच्या चाकांना डिफरन्शियल लॉक (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा), सगळं दणकट. पण जुन्या गाडीची किंमतही माझ्या हाताबाहेर. टाटाची झेनॉन आणि महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे दोन्ही बंद झालेल्या. गेटअवेचं इंजिन स्कॉर्पिओचंच, त्यामुळे त्याचे पार्ट मिळतात, पण मागचा फाळका किंवा हौद्याचा पत्रा शोधायला गेलं की दमायला होतं. बोलेरो कॅम्पर फोर व्हील ड्राइव्हमध्ये येते आणि गावोगावी तिचे फिटर आहेत. तिच्यावर माझा बराच जीव होता, पण मनासारखी एकही मिळाली नाही. राहिली इसुझु व्ही-क्रॉस. 2016 मध्ये आलेली, 2.5 लिटर डिझेल, 134 हॉर्सपॉवर, पोटाखाली जमिनीपासून 225 मिलिमीटर मोकळी जागा.

पहिली गाडी बघितली ती हायवेच्या एका व्यापाऱ्याकडे. काय तिचा थाट! उंच केलेलं सस्पेन्शन, टपावर दिव्यांची पट्टी, पुढं लोखंडी बंपर, चारी टायर चिखलाचे. भाऊजी तर बघताक्षणी चावी मागायला निघाले. आमच्या ओळखीचे उद्यमनगरातले मिस्त्री बरोबर होते, त्यांनी थांबवलं. म्हणाले, "वैनी, इंजिन मी नंतर ऐकतो. आधी खालनं बघू." पोतं अंथरलं आणि बॅटरी घेऊन ते गाडीखाली सरकले. मीही सरकले.

खाली चेसिसला नवाकोरा काळा रंग मारलेला. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं खरवडलं तर पापुद्रा निघाला आणि आत गंज. मग त्यांनी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढायला सांगितला. वरचा अर्धा पट्टा स्वच्छ आणि खालचा मातकट, मधली रेघ सरळ, फूटपट्टीनं मारल्यासारखी. सीट पुढं सरकवली तर रुळाच्या खाचेत वाळलेला गाळ. बोटानं काढला तर तो पिठासारखा मऊ होता. कोल्हापूरच्या माणसाला तो गाळ ओळखायला शिकवावं लागत नाही. 2019 आणि 2021 ला पंचगंगेनं आमच्या घराच्या जोत्यावर तोच ठेवला होता. व्यापारी म्हणाला, गाडी कधी पाण्यात नव्हती. मी वाद घातला नाही, पोतं गुंडाळलं आणि निघालो.

आपल्या भागात जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकानं ही सीटबेल्टची परीक्षा करावी, मग गाडी कुठल्याही कंपनीची असो. पुराची गाडी धुऊन, पॉलिश करून उभी केली की भल्याभल्यांना कळत नाही. वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी मात्र वर्ष-दोन वर्षांनी एकेक दिवा, एकेक सेन्सर खायला लागतं. फ्यूजचा डबा उघडून पिनांवर हिरवी-पांढरी पूड आहे का बघा. डिफरन्शियलच्या (चाकांच्या आसावरच्या गिअरपेटीच्या) तेलाची टोपी सोडून बोट बुडवा. तेल दुधाळ आलं तर आत पाणी गेलंय. ओढ्यातून वारंवार जाणाऱ्या गाडीचंही तसं होऊ शकतं, ते तेल बदलून भागेल. पण मालकानं ते वर्षानुवर्षं तसंच ठेवलं असेल तर आतल्या गिअर-बेअरिंगचं काय झालं असेल, याचा विचार करून किंमत बोला.

माझी गाडी मिळाली ती तिसऱ्या खेपेला, थेट मालकाकडून. 2017 ची, 96,000 किलोमीटर फिरलेली. दिसायला अगदी साधी. हौद्यात ओरखडे, मागच्या फाळक्याला एक चेप. खालून मात्र स्वच्छ, म्हणजे धुतलेली नव्हे, तर जुन्या मातीची आणि सगळीकडे सारखी. कुठं वेल्डिंगचा टाका नाही, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचं एकही पान तुटलेलं नाही, चेसिसवरचा नंबर आरसी बुकाशी अक्षरन् अक्षर जुळणारा. या मालकानं गाडी राबवली होती आणि दर खेपेच्या सर्व्हिसिंगची बिलं एका पिशवीत घालून ठेवली होती. ती पिशवी हातात आली तेव्हा माझा निम्मा निर्णय झाला.

फोर बाय फोर बघायची तर गाडी मोकळ्या मातीवर न्या. या गाडीत गोल खटक्यानं टू एच (फक्त मागच्या चाकांना जोर) वरून फोर एच (चारी चाकांना) चालता चालता पडतं. लो, म्हणजे चारी चाकांना हळू पण जास्त जोर, त्यासाठी मात्र थांबायचं, न्यूट्रल करायचं, क्लच दाबायचा आणि मग फिरवायचं. नुसता डॅशबोर्डवरचा दिवा लागला म्हणून विश्वास ठेवू नका. आम्ही चढाच्या मातीत टू एच मध्ये मागची चाकं फिरेपर्यंत नेली, मग फोर एच टाकून त्याच जागेवरून वर काढली. पुढच्या चाकांनी माती धरलेली डोळ्यांनी दिसली. डांबरावर फोर एच लावून वळणं घेऊ नका, पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात आणि ताण आतल्या गिअरवर येतो. क्लच बघायला चौथ्या गिअरमध्ये चढावर पाय दाबला. आवाज चढला, वेग तिथंच. क्लच प्लेट संपत आलेली होती. मालकानं लगेच कबूल केलं आणि तेवढे पैसे कमी केले.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. माझ्या गाडीचे दोन टायर असे जुने, रबराला बारीक चिरा. चारही बदलले, कंपनीच्याच मापाचे, 245/70 आर 16, पण ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि माती दोन्हीला चालणाऱ्या नक्षीचे. रुंद टायर घालायचा सल्ला पुष्कळांनी दिला. मला माझ्या चढासाठी नको होता.

कागदांचं थोडक्यात. नंबरची पाटी पांढरी (खासगी) की पिवळी (धंद्याची) ते आधी बघा. पिवळी असेल तर आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी फिटनेस करून घ्यावा लागतो. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्ज उतरवल्याचा फॉर्म 35, नावावर करायला फॉर्म 29 आणि 30. दिल्लीकडच्या स्वस्त डिझेल गाड्याही दाखवतात. त्यात तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला कर आणि नवा नंबर धरला की स्वस्ताई बरीच आटते. मी एमएच 09 च्या बाहेर गेलेच नाही.

पावणेअकरा लाखाला ठरली. क्लच, टायर, शॉकअब्सॉर्बर, बुश आणि सगळी तेलं मिळून वर 1,18,000 गेले. हा खर्च पहिल्या दिवसापासून मनात धरा, नाहीतर गाडी दारात आल्यावर हात आखडतो आणि नेमकं खालचं काम राहून जातं.

आता चौदा महिने झाले. रिकामा हौदा असला की मागचं अंग उड्या मारतं, पाट्यांवरच्या गाडीचा तो स्वभावच आहे. माशीला हे चालत नाही. म्हणून हौद्यात रबरी चटई, तिच्यावर पेट्या, आणि पेटीतल्या चौकटी गाडीच्या लांबीच्या दिशेनं ठेवते, म्हणजे ब्रेक लावला तरी पोळी एकमेकांवर झुलत नाहीत. मातीत उतरण्याआधी टायरची हवा 22 पीएसआयवर आणते आणि वर डांबरावर आले की छोट्या पंपानं परत भरते. एवढ्यानंही धक्के निम्मे कमी झाले. गाडी 5295 मिलिमीटर लांब, त्यामुळे आमच्या गल्लीत वळवताना मात्र शेजारच्या काकूंना पायरीवरच्या कुंड्या आत घ्यायला सांगावं लागतं, आणि त्या प्रत्येक वेळी घेतात.

परवा मे महिन्याच्या शेवटच्या रात्री, पावसाच्या आधी चाळीस पेट्या खाली उतरवल्या. त्याच चढावरून, लो मध्ये, पहिल्या गिअरवर, ब्रेकला पाय न लावता. गडी आत सीटवर बसले होते, त्यातला एक झोपलाही. पहाटे घरी येऊन पेट्यांची झाकणं काढली. चाळीसच्या चाळीस पेट्यांतली पोळी जागेवर होती.