माडी महालातच ठेवावी की रामटेकला न्यावी?

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या माडीचा सागवानी सांगाडा अजून भक्कम आहे. निवांत राहायला ती तिथेच दुरुस्त करावी, की खोलून रामटेकजवळच्या शेतात उभारावी?

तिथेच ठेवली तर खर्च कमी, पण गल्लीतला गोंगाट जाणार नाही.

खोलणं नाजूक काम. सांधे खाचांत बसवलेले, म्हणून लाकूड न कापता सुटतं. आधी प्रत्येक खांबावर, तुळईवर क्रमांक घालायला हवेत. मातीच्या जाड भिंती मात्र मोडतात, आणि नागपूरच्या ४५ अंशांत गारवा त्याच देतात. म्हणून शेतातही मातीच्याच भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. खांबांखाली दगडी बैठक हवीच: ओल चढत नाही, वाळवी लवकर दिसते.

मला शेतच पटतं. आई म्हणते, देवघराचा खांब आधी उभा करा.