जुनी पेडल स्टील : आठ महिने, तेवीस तारा

चवथीच्या भजनात, अभंग रंगात आलेला असताना, माझ्या पेडल स्टील गिटारची तिसरी तार तटकन तुटली आणि समईजवळ जाऊन पडली. म्हणून हे लिहायला बसलोय. ही 23 वी. वहीत मांडून ठेवलंय: 70 रुपयांना एक, म्हणजे 1,610 रुपये नुसते एका तारेवर.

पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवून वाजवायची गिटार, पायाच्या पेडलांनी आणि गुडघ्याच्या लिव्हरांनी तिच्या तारांचे सूर बदलतात. माझी जानेवारीत गोव्यात, साष्टीतल्या एका निवृत्त वादकाकडून घेतली. आयुष्यभर बोटीवर वाजवायचे ते. दहा तारा, तीन पेडलं, चार गुडघ्याचे लिव्हर, तारा ई-नाइन्थ नावाच्या मेळात लावलेल्या. 90,000 सांगितले, 80,000 वर जमलं. आई म्हणाली, "स्कूटर घेतली असतीस तर निदान बाजार तरी आणला असतास."

हवाईयन गिटार मी वीस वर्षं वाजवतोय, त्यामुळे तारांवरून सरकवायचा धातूचा बार डाव्या हाताला नवा नाही. पण पेडल ही चीज वेगळीच. ई ला सा धरा. मधलं बी पेडल दाबलं की ग चा म होतो, ए दाबलं की प चा ध. सा जागचा हलत नाही, बार हलत नाही, आणि ग मात्र म कडे सरकत जातो. नाट्यपदात हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटाच हसलो. आणखी एक गंमत: ट्यूनरवर काटा मध्यावर आणून लावलेला ग तानपुऱ्यावर चढाच लागतो. 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरवला की बसतो. बाहेरचे स्टीलवाले जीशार्प, म्हणजे हाच ग, खाली लावतात ते यासाठीच. आपल्या कानाला हे शिकवावं लागलं नाही.

आता तार. तिसरी, 0.011 इंच जाडीची, सगळ्यांत उंच सुराची, आणि बी पेडल नेमकं तिलाच ओढतं. ती दर आठवड्याला जायची. आधी दोष दिला खाऱ्या हवेला. केसमध्ये सिलिकाच्या पुड्या टाकल्या, वाजवून झालं की तारा पुसल्या. तरी तुटायची, आणि दर वेळी एकाच जागी: उजवीकडे, चेंजरच्या बोटावर वळते तिथे. चेंजर म्हणजे पेडल दाबलं की तार ओढणारी यंत्रणा, त्यात प्रत्येक तारेला धातूचं एक बोट.

जूनमध्ये एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. केससकट वीसेक किलो, पाऊस, रिक्षाचे पैसे वेगळे. त्याने 3,500 घेतले आणि कसलासा स्प्रे मारून परत दिली. आठ दिवसांत आत चिकटा धरला. ए पेडल सोडलं तरी ध पुरता प वर येईना, केसभर वरच राही. जाब विचारला तर म्हणे, "जुनं वाद्य आहे, असंच असणार." मग पैसे कशाचे घेतलेस?

शेवटी फोंड्यातल्या एका लेथवाल्याला दाखवली. खाली वाकून सळ्या, क्रँक पाहिले आणि म्हणाला, "बाब, हें वाद्य की शिवणाची मशीन?" मग चेंजरच्या तिसऱ्या बोटावरून नख आडवं फिरवलं. नख अडकलं. वर्षानुवर्षं तार घासून तिथे खाच पडली होती, आणि त्या खाचेच्या काठावर पेडलागणिक तार वाकून वाकून थकायची. बारीक पॉलिश पेपर, वर धातूचं पॉलिश. चेंजर रॉकेलने धुऊन मशीनचं तेल थेंब थेंब. तडकलेला एक नायलॉनचा नट त्याने तिथेच कातून दिला. 250 रुपये!

आता खरं सांगायला हवं. या 23 पैकी 22 तारा जुलैच्या मध्यापर्यंतच्या. 23 वी चवथीपर्यंत टिकली, म्हणजे सहा-सात आठवडे. तुटली ती माझ्या चिकटपणाने. "अजून चालतेय" म्हणत बदलली नाही. सुरुवातीला जो राग काढला तो अर्धा मागे घेतो. 3,500 चा राग मात्र ठेवतो.

कुणी जुनी बघायला जाणार असाल तर रंग, लाकूड यांवर भाळू नका. तारा सैल करून दहाही बोटांवर नख फिरवा. प्रत्येक पेडल दाबून सोडा, सूर परत जागेवर येतो का ते ट्यूनरवर बघा. विकणाऱ्याला राग आला तर येऊ द्या. मी यातलं काहीही केलं नव्हतं, चहा घेतला आणि पैसे मोजले.

हल्ली लांबलेल्या जागा मी सहाव्या तारेवर घेतो. तोच ग, खालच्या सप्तकातला. तेच पेडल, पण तार जाड. आवाज भजनाला उलट जास्त शोभतो. अर्थात पेडल दाबलं की तिसरीही ओढली जातेच, पण मनाला बरं वाटतं.

काल पणजीला गेलो तर दुकानदाराने न विचारता अकरा नंबरच्या सहा तारा काउंटरवर काढून ठेवल्या. मी दोनच घेतल्या.