मिठागर की हापूसचं झाड?

गणितात ग्रुप म्हणजे एकापुढे एक करता येणाऱ्या आणि उलट फिरवता येणाऱ्या चालींचा संच. त्यातला हायपरबोलिक ग्रुप शिरोड्यात बसून समजून घ्यायचा, तर दोन चित्रं पुरतात. एक मिठागर: चौकोनी वाफे, मध्ये बांध. हा झेड-स्क्वेअर ग्रुप: पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा दोन चाली, कुठलीही आधी केली तरी पोचतो तिथेच. दुसरं हापूसचं कलम, प्रत्येक बेचक्यातून पुढे तीन नव्या फांद्या फुटणारं (खरं कलम इतकं शिस्तीचं नसतं, म्हणा). हा दोन जनकांचा, म्हणजे दोन मूळ चालींचा, मुक्त ग्रुप: इथे चालींचा क्रम बदलला की जागाही बदलते.

बांधावरून समोरच्या कोपऱ्यात जायचंय. मी आधी पूर्वेला, मग उत्तरेला; भाऊ उलटा. दोन्ही वाटा सर्वांत जवळच्याच, पण मधल्या वळणावर माझी हाकसुद्धा त्याला पोचायची नाही. कलमावरच्या मुंगीला अशी चैन नाही, तिला जवळची वाट एकच. गणितज्ञ ग्रोमोव्हने १९८७ साली नेमकं हेच पकडलं: जवळच्या वाटांचा त्रिकोण कितीही मोठा असो, त्याची प्रत्येक बाजू उरलेल्या दोन बाजूंच्या ठरावीक अंतरात राहिली पाहिजे, तरच ग्रुप हायपरबोलिक. कलमात ते अंतर शून्य. मिठागरात असं अंतर ठरवताच येत नाही.

दहा पावलांत मिठागरात २२१ जागा गाठता येतात, कलमावर १,१८,०९७! मला कलमच आवडतं. आणि हायपरबोलिक ग्रुपच्या पोटात मिठागर उपग्रुप म्हणून कधीच सापडत नाही.