छाती साफ झाली, खोकला मात्र हटत नाही: थांबायचं, औषध बदलायचं की तपासायचं?

ताप उतरलेला असतो, गोळ्यांचा कोर्स संपलेला असतो, डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून 'आता साफ आहे' म्हणालेले असतात, आणि तरी रात्री दोन वाजता उठून बसावं लागतं. गेल्या पावसाळ्यात माझे सात आठवडे असेच गेले. मी ठाण्यात कोपरीला राहते, नोकरी ऐरोलीला. सकाळच्या गाडीत उबळ आली की शेजारची बाई ओढणी नाकाला लावायची, आणि तिचं काही चुकतही नव्हतं. त्या दिवसांत घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, ऑफिसातल्यांनी सुचवलेलं जवळजवळ सगळं मी करून पाहिलं. मी डॉक्टर नाही. पण जे आज त्याच अवस्थेत आहेत त्यांच्यासाठी हे पर्याय एकमेकांशेजारी मांडते, म्हणजे कशाने काय मिळतं आणि काय मिळत नाही ते दिसेल.

आधी कॅलेंडर काढा आणि खोकला सुरू झाल्याची तारीख शोधा. आपल्याला वाटतं आठवड्याभरात जायला हवा. प्रत्यक्षात छातीच्या साध्या संसर्गानंतरचा खोकला सरासरी अठरा दिवस चालतो. तीन ते आठ आठवडे टिकला तरी अनेकदा आत नवीन काही बिघडलेलं नसतं. जंतू गेलेले असतात, पण श्वासनलिकेचं आतलं नाजूक अस्तर सोलवटलेलं असतं आणि खोकल्याची जाणीव देणाऱ्या नसा हुळहुळ्या झालेल्या असतात. मग एसी डब्यातला गार झोत, देवघरातली अगरबत्ती, मिरचीची फोडणी, घोडबंदर रोडची धूळ, फोनवरचं थोडं लांबलेलं बोलणं, एवढंही पुरतं. अस्तर भरून यायला आठवडे लागतात आणि कुठलंही औषध त्याला फारशी घाई करू शकत नाही.

इथपर्यंत वाचून 'मग थांबूया' असं वाटेल. पण आपल्याकडे दुसरी एक मोजणीही चालते. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे थुंकी तपासायची, हा आपल्या क्षयरोग कार्यक्रमाचा नियम आहे. इंटरनेटवर ब्रिटनच्या पानांवर तीन आठवडे वाट पाहायला सांगितलेलं असतं. ते त्यांच्या देशात ठीक आहे, तिथे टीबी आपल्याइतका नाही. म्हणून माझं मत सरळ आहे: थांबणं आणि तपासणं यांतलं एक निवडायचं नसतंच. आधी तपासायचं, मग निर्धास्त थांबायचं. मी हे उलट केलं आणि पाच आठवडे उगाच धास्तीत काढले.

काढा, मध, चूर्ण

या गटात मध सर्वांत पुढे. झोपताना एक चमचा नुसता मध चाटला की रात्रीची उबळ कमी होते, आणि याला अभ्यासांचाही आधार आहे. फक्त एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, बोटावर लावूनही नाही. आडुळसा कफ पातळ करतो. ब्रोमहेक्सिन हे औषध आडुळशातल्याच द्रव्यावरून तयार झालं आहे. त्यामुळे घट्ट कफ अडकला असेल तर आडुळसा घ्यावा, नुसती कोरडी खवखव असेल तर त्याच्याकडून फार अपेक्षा नको. ज्येष्ठमधाची काडी घशाला छान वाटते, पण रोज चघळत राहिलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या आजींना आपण प्रेमाने तीच काडी देत असतो. सितोपलादि चूर्ण बरेच जण डोळे मिटून घेतात. त्यात खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन, दालचिनी एक. म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच. मधुमेह असलेल्यांनी हे हिशेबात धरावं. वाफेने नाक मोकळं होतं, तेवढंच.

या सगळ्याचा खर्च कमी आणि आराम खरा आहे. पण यातलं काहीही टीबी किंवा दम्याला उत्तर नाही.

सिरप

दुकानात 'खोकल्याचं द्या' म्हटलं की बाटली मिळते. पण सिरपांत एकमेकांच्या उलट काम करणारे दोन प्रकार आहेत. डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकला दाबतं. अँब्रोक्सॉल, ग्वायफेनेसिन कफ सुटायला मदत करतात. छातीत कफ घरघरत असताना दाबणारं घेतलं तर जे बाहेर पडायला हवं ते आतच राहतं. आता बाटली उजेडात धरून मागची बारीक अक्षरं वाचा. माझ्या बाटलीत टर्ब्युटालिन होतं. ते श्वासनळ्या सैल करतं, पण त्याने हात थरथरतात, छातीत धडधडतं. दोन दिवस कीबोर्डवर माझी बोटं नीट पडत नव्हती आणि मला वाटलं अशक्तपणा आहे. क्लोरफेनिरामिन असेल तर पेंग येते. ते घेऊन ठाणे-बेलापूर रस्त्यावर दुचाकी चालवू नका. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डेक्स्ट्रोमेथॉर्फन घेऊ नका, दोन्ही मिळून घातक ठरू शकतात.

लहान मुलांचं मात्र ठाम सांगते. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित सिरपमुळे मुलं दगावली, त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याचं सिरप द्यायचं नाही, आणि पाचपर्यंतही सहसा नाही. घरातली उरलेली बाटली शेजारच्या मुलाला देऊ नका.

मोठ्यांसाठी सिरप म्हणजे चार-पाच रात्रींची झोप. त्याहून जास्त काम त्याच्यावर सोपवू नये.

अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स

सर्वांत जास्त वेळा निवडला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत चुकीचा पर्याय हा. चौथ्या आठवड्यात मी जवळच्या एका दवाखान्यात गेले. दोन मिनिटांत 'इन्फेक्शन राहिलंय' म्हणून नवीन गोळ्या लिहून मिळाल्या. ना एक्स-रे, ना थुंकी. पाच दिवसांत पोट बिघडलं, खोकला तिथेच.

ताप नाही, कफ पिवळा-हिरवा नाही, भूक परत आली आहे, तर बहुतेक वेळा अँटिबायोटिकने मारायला जंतू उरलेलेच नसतात. सोललेल्या अस्तरावर या गोळ्या चालत नाहीत. याहून गंभीर गोष्ट मला नंतर कळली. खोकल्यासाठी सर्रास लिहिल्या जाणाऱ्या लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या टीबीच्या जंतूवरही थोडा परिणाम करतात. रुग्णाला चार दिवस बरं वाटतं, निदान लांबतं आणि जंतू त्या औषधाला सरावण्याची भीती राहते. म्हणून दुसरा कोर्स हातात आला तर एक प्रश्न नक्की विचारा: 'आधी थुंकी तपासूया का?' चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही. दुसऱ्या कोर्सला जागा आहे ती वेगळ्या कारणांसाठी: ताप उलटला, सायनसमध्ये पू झाला, डांग्या खोकला निघाला.

थुंकी आणि एक्स-रे

ठाणेकरांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईकरांना वाशी, नेरूळ, ऐरोलीची महापालिकेची रुग्णालयं. सरकारी केंद्रात टीबीची थुंकी तपासणी मोफत होते. रांग लागते, अर्धा दिवस जातो. खासगीत वेळ वाचतो, पैसे जातात. घरात वृद्ध माणूस असेल तर मी एक्स-रे खासगीत काढून थुंकी सरकारी केंद्रात देईन, कारण तिथे आता सीबीनॅट किंवा गोव्यात बनलेल्या ट्रूनॅट यंत्रावर तपासणी होते, जंतू सापडला तर रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्याच्यावर चालेल की नाही तेही कळतं, आणि पुढचे उपचारही मोफत असतात.

नमुना नीट दिला नाही तर तपासणी वाया जाते. मला डबी मिळाली तेव्हा मी पहिल्यांदा त्यात लाळच दिली होती, तिथल्या सिस्टरांनी परत पाठवलं. सकाळी उठल्यावर काही खाण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरायची, खिडकीपाशी उभं राहायचं, दोन-तीन खोल श्वास घेऊन छातीच्या तळातून खोकायचं. चिकट, दाट असं काही आलं तर ते खरं. पाणीदार फेस म्हणजे लाळ.

एक्स-रे पाहताना एक लक्षात ठेवा. न्यूमोनियाचा डाग पुसायला सहा आठवडेही लागतात. जुन्या डागाची सावली दिसली म्हणून लगेच घाबरू नका. जुना एक्स-रे सोबत न्या, डॉक्टर दोन्ही शेजारी धरून बघतील.

इनहेलर

'एकदा लागला की सुटत नाही' हे मी आईकडून, सासूबाईंकडून आणि रिक्षावाल्याकडूनही ऐकलं. त्याची सवय लागत नाही. औषध थेट नळीत पोचतं म्हणून मात्राही गोळीपेक्षा कितीतरी कमी लागते. खरा प्रश्न वेगळा आहे: तुमच्या खोकल्याला त्याची गरज आहे का? संसर्गानंतरच्या प्रत्येक खोकल्यावर इनहेलरचा फायदा ठामपणे दिसलेला नाही. पण पहाटे उबळ येत असेल, जिना चढताना शिट्टीसारखा आवाज होत असेल, घरात कुणाला दमा असेल, तर खोकल्याच्या रूपातला दमा असू शकतो. तिथे इनहेलरने फार मोठा फरक पडतो.

हे स्पायरोमेट्रीत, म्हणजे श्वास मोजण्याच्या चाचणीत, तपासतात. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात, आणि पूर्ण श्वास भरून एका दमात जोरात फुंकायचं, किमान सहा सेकंद, तंत्रज्ञ शेजारून 'अजून, अजून' म्हणत असतो. मग औषधाचे पफ देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. माझं स्पायरोमेट्रीचं निदान दम्याचं नव्हतं, तरी डॉक्टरांनी काही आठवड्यांपुरता इनहेलर स्पेसरसकट (इनहेलरला जोडायच्या पोकळ नळकांड्यासह) दिला आणि संपल्यावर बंद केला. घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

वाट पाहायची नसते तेव्हा

थुंकीत रक्त, बसल्या जागी धाप, छातीत टोचणारं दुखणं, संध्याकाळचा ताप, रात्री घामाने भिजणं, वजन उतरणं: यांपैकी एक जरी असेल तर कितवा आठवडा आहे हे मोजत बसू नका, त्याच दिवशी जा. जुनं धूम्रपान असेल आणि खोकल्याची तऱ्हा बदलली असेल तरी तेच.

आठ आठवड्यांनंतर मात्र 'संसर्गाचा राहिलेला खोकला' हे उत्तर स्वीकारू नका. तिथून पुढे नाकामागून घशात उतरणारा शेंबूड, आम्लपित्त, दमा यांचा शोध घ्यावा लागतो. आणि बीपीच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन जा. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना महिनोन्‌महिने कोरडा खोकला येतो. गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टर ती बदलून दुसरी देतात. आमच्या मजल्यावरच्या काकांचा चार महिन्यांचा खोकला असा गोळी बदलल्यावर तीन आठवड्यांत थांबला, आणि तोवर त्यांच्या घरात रिकाम्या सिरपच्या अकरा बाटल्या जमल्या होत्या.