बर्गमन यांच्या ब्लू-रे संचात बीबी अँडरसन

क्रायटेरियन कंपनीने स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २०१८ मध्ये काढलेला ३९ चित्रपटांचा ब्लू-रे संच दिग्दर्शकाच्या नावाने विकला जातो. पण स्वीडिश अभिनेत्री बीबी अँडरसन यांचा अभिनय वर्षागणिक कसा घडत गेला हे पाहण्यासाठी मला याहून चांगले साधन आढळलेले नाही.

बर्गमन यांच्या साबणाच्या जाहिरातीत १९५१ मध्ये दिसलेली ही पंधरा वर्षांची मुलगी १९५७ पर्यंत त्यांच्या दोन मोठ्या चित्रपटांचा प्राण झाली होती. 'द सेव्हन्थ सील'मध्ये फिरत्या नटाची बायको मिया धर्मयुद्धावरून परतलेल्या सरदारापुढे दूध आणि रानातल्या स्ट्रॉबेरी ठेवते, तेव्हा प्लेग आणि मृत्यू यांनी व्यापलेल्या कथेत जगण्याची बाजू तिच्या साध्या हसण्यामुळे खरी वाटते. 'ब्रिंक ऑफ लाइफ'साठी १९५८ मध्ये कान महोत्सवाचा अभिनयाचा पुरस्कार त्यांना तीन सहअभिनेत्रींसह मिळाला.

खरा कस लागला तो १९६६ च्या 'परसोना'मध्ये. बोलणेच सोडून दिलेल्या अभिनेत्रीच्या भूमिकेत लिव्ह उलमन आहेत, त्यामुळे संवादाचा जवळजवळ सगळा भार परिचारिका आल्मा झालेल्या अँडरसन यांच्यावर पडतो. समुद्रकिनाऱ्यावरचा जुना प्रसंग आल्मा सांगते, तेव्हा बर्गमन पूर्वदृश्य दाखवत नाहीत. कॅमेरा त्या दोघींपाशीच राहतो आणि लाज, सुख, पश्चात्ताप हे सारे केवळ आवाजातून आपल्यापर्यंत येते. कोणतीही स्त्री असे बोलणार नाही, असे वाटणारे शब्द अँडरसन यांनी त्या संवादात बदलून घेतले होते, हे कळल्यावर त्या दृश्यातली त्यांची मालकी अधिकच जाणवते.

उणिवा मात्र सांगितल्या पाहिजेत. अँडरसन आयुष्यभर रंगभूमीच्याही अभिनेत्री होत्या. स्टॉकहोमच्या रॉयल ड्रामॅटिक थिएटरमध्ये बर्गमन यांच्याच दिग्दर्शनाखाली त्यांनी १९७५ मध्ये शेक्सपिअरची व्हायोला आणि १९८८ मध्ये युजीन ओनील यांची मेरी टायरोन साकारली. ही बाजू या चित्रपटांतून दिसत नाही. ज्या भूमिकेसाठी त्यांना १९६३ मध्ये बर्लिनचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तो विल्गोट श्योमान यांचा चित्रपटही साहजिकच येथे नाही. भारतातील ग्राहकांसाठी अडचण वेगळीच आहे: या डिस्क रीजन ए साठी, म्हणजे जगाच्या ठरावीक भागातल्या प्लेअरसाठीच आहेत, आपल्याकडचे प्लेअर रीजन सी चे असतात, म्हणून सर्व रीजन चालवणारा प्लेअर असल्याखेरीज एवढा महागडा संच मागवू नये.

चित्रपटांची मांडणी एखाद्या महोत्सवासारखी, काळाचा क्रम मोडून केलेली आहे. अँडरसन यांच्यासाठी संच घेणाऱ्यांनी ती बाजूला ठेवून 'द सेव्हन्थ सील'पासून सुरुवात करावी आणि पुढे १९७१ च्या 'द टच'पर्यंत अवश्य जावे. हा चित्रपट दुर्लक्षित राहिला, पण सुखवस्तू संसारातून परपुरुषाकडे ओढली जाणारी कॅरिन त्यांनी इतक्या समजुतीने उभी केली आहे की मी ती भूमिका आल्माच्या शेजारी ठेवीन.