लदू की बुले: बांधलेलं आणि कागदावरचं

एतिएन-लुई बुले (१७२८–१७९९) आणि क्लोद-निकोला लदू (१७३६–१८०६) हे दोघेही फ्रेंच नवअभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन शैलीकडे वळलेले, वास्तुकार. गोल, घन, शंकू अशा शुद्ध आकारांचं वेड दोघांनाही होतं.

बुले आठवतो तो न्यूटनच्या स्मारकामुळे. १७८४ च्या या आराखड्यात जवळपास १५० मीटर उंचीचा पोकळ गोल आहे. कवचाला भोकं ठेवलेली, म्हणजे बाहेर दिवस असताना आत तारे चमकणार! ते कधीच बांधलं गेलं नाही. चित्र पाहिलं तरी छाती दडपते.

लदूने मात्र खारं पाणी उकळून मीठ काढणाऱ्या कामगारांसाठी बांधलं. फ्रान्समधल्या आर्क-ए-सनाँचा शाही मिठाचा कारखाना (१७७५–१७७९) अर्धवर्तुळात मांडलेला आहे आणि मधोमध संचालकाचं घर. त्या घराचे खांब दगडी चकत्या रचून उभारलेले: एक चकती गोल, एक चौकोनी. भिंतींवर दगडी घागरी कोरल्यात, त्यांतून खारं पाणी सांडताना जणू गोठलंय. पुढे पॅरिसचे जकात नाके बांधल्यामुळे लोकांचा रोष ओढवला, आणि क्रांतीत तुरुंगवासही घडला.

कल्पनेची झेप बुलेची मोठी, हे मान्य. तरी माझी पसंती लदूला. त्याचा कारखाना आजही उभा आहे, १९८२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि त्या घागरींवरून हात फिरवता येतो.