मिनिटाला २५ रुपये: सायकिक रीडिंगचं ॲप सात-आठ महिने वापरल्यावर

ॲप कसं चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. पहिली चॅट फुकट, मग वॉलेट भरा, मग मिनिटाचा काटा सुरू. ५०० चा रिचार्ज मारला की वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० जातात. त्यावर लिहीत बसत नाही. मागच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी जे सांगितलं, त्यामुळं हे लिहायला घेतलंय.

आमच्या आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख ठरली होती. त्यांचा जन्म खानापूरकडच्या खेड्यातला. जन्मवेळ कुणी लिहून ठेवली नाही, त्यामुळं पत्रिका नाही. सायकिकला, म्हणजे अंतर्ज्ञानानं सांगतो म्हणणाऱ्याला, जन्मवेळ लागत नाही, फोटो पुरतो, म्हणून नणंदेनं हे ॲप घालून दिलं. रिचार्ज माझ्या खात्यातून. बेळगावच्या वडगावात आमचे दोन माग चालतात. एका साडीमागं हातात काय उरतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला मिनिटाला २५ रुपये म्हणजे काय ते सांगायला नको.

सुरुवातीला मी चार स्टार दिले होते आणि ते मनापासून दिले होते. समोरची बाई गोड बोलायची, आत्तींची नाव घेऊन चौकशी करायची. रात्री अकराला कुणीतरी निवांत ऐकून घेतं याचा आत्तींना खरंच आधार वाटायचा. तिनं सांगितलं तीन महिने थांबा, आत्ती थांबल्या. तीन महिने झाल्यावर सांगितलं संक्रांत होऊ दे. तारीख दोनदा पुढं गेली.

चॅट सेव्ह राहते, ही या ॲपची सगळ्यांत चांगली सोय. डॉक्टरांकडून आल्यावर मी सगळ्या चॅट पहिल्यापासून वाचून काढल्या. कुठली माहिती कुणाकडनं आली, एवढंच बघत गेले. चॅट हिंदीत आहे, कारण यादीत कन्नड बोलणारे मिळतात, मराठी बोलणारं कुणी ऑनलाइन नसतं. मराठीत देते:

"घरातल्या वयस्कर बाईंच्या तब्येतीची काळजी दिसतेय."
"होय."
"वरच्या भागाचं काहीतरी आहे. डोकं, मान?"
"डोळे. मोतीबिंदू."
"हां, डोळेच. मला मघापासून धुकं दिसत होतं."
"पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे."
"तेच सांगणार होते. ऊर्जा जड आहे. तीन महिने थांबा."

वयस्कर बाई कशावरून? फोटो आम्हीच पाठवला होता. डोळे आम्ही सांगितले, मोतीबिंदू आम्ही सांगितला, ऑपरेशन कधी तेही आम्हीच. या सगळ्यात तिचं स्वतःचं असं एकच वाक्य आहे: थांबा. आमचीच माहिती आम्हाला परत ऐकवून तिनं भरवसा मिळवला, आणि तो भरवसा या एका वाक्यापायी खर्ची पडला. इतर चॅटमध्येही हेच आहे. "तुम्ही सगळ्यांसाठी झिजता, पण कुणी ओळखत नाही", हे आत्तींना सांगितलंय, नणंदेला सांगितलंय, मलाही सांगितलंय. तिघींनाही ते पटलं होतं.

असं पटणं नवीन नाही. १९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून स्वभाववर्णन दिलं. सगळ्यांच्या कागदावर मजकूर एकच होता, फलज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. माझे चार स्टार याच जातीचे.

पत्रिका असती तर बरं झालं असतं, असं नणंद अजून म्हणते. २००८ मध्ये पुण्यात मूळ कोल्हापूरचे जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी तीही परीक्षा घेतली. हुशार मुलं १००, मतिमंद मुलं १००, त्यांच्या पत्रिका. २७ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० दिल्या आणि यातलं कोण कुठल्या गटातलं ते ओळखा म्हटलं. बरोबर आली ४६ टक्के. नाणं उडवून ५० आली असती.

एका माणसाबद्दल मात्र मत बदलावं लागलं. त्याच ॲपवर एका टॅरोवाल्यानं, म्हणजे पत्ते काढून भविष्य सांगणाऱ्यानं, दोन मिनिटांत सांगितलं, "डोळ्याचं मला विचारू नका, डॉक्टर म्हणतात ते करा," आणि चॅट बंद केली. ५० रुपये गेले, पण सल्ला खरा होता. त्याचं रेटिंग त्या गोड बाईपेक्षा कमी आहे.

डॉक्टर म्हणाले, पूर्वी मोतीबिंदू पिकू द्यायचे, आता तशी गरज नसते. जितका कडक होईल तितकं ऑपरेशन अवघड. आत्तींचा उजवा डोळा आता कडक झालाय.

मी कस्टमर केअरला त्या चॅटचे पैसे परत मागितले. उत्तर आलं, सेवा "केवळ मनोरंजनासाठी" आहे, अटींमध्ये लिहिलंय. मी शोधलं. खरंच आहे, अगदी तळाला, बारीक इंग्रजीत. "ऑपरेशन थांबवा" असं सांगणाऱ्या चॅटच्या खिडकीत हे वाक्य कुठंच नाही. माझं सगळं भांडण या एका वाक्याच्या जागेवर आहे. मनोरंजन असेल तर ते मोठ्या अक्षरात, कन्नडात आणि मराठीत, मिनिटाच्या काट्याशेजारी लिहा. आत्तींनी ते वाचलं असतं तर त्या थांबल्या नसत्या, इतकं मी त्यांना ओळखते.

कर्नाटकाच्या २०१७ च्या अंधश्रद्धाविरोधी कायद्यात जावं म्हटलं, तर ज्योतिषाचा सल्ला त्यातून वगळलेला आहे. म्हणून ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, चॅटचे स्क्रीनशॉट जोडून. तुमच्याकडं अशी चॅट असेल तर ॲप काढून टाकण्याआधी ती जपून ठेवा, ॲप गेलं की पुरावाही जाऊ शकतो.

चार स्टारचा आता एक केलाय, तोही चॅट सेव्ह राहते म्हणून. वॉलेटमधले उरलेले २१० रुपये परत देत नाहीत. आत्तींचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे, या वेळी कुणाला विचारलेलं नाही. तक्रारीचं उत्तर आलं की इथंच खाली लिहीन.